परात वाजली की कटर बंद

आमच्या घरात फोन पायऱ्या उतरतो. नवा आला की पहिला माझ्या हातात. माझा जुना आईकडे. आईचा आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे. आणि आबांचा गोठ्यात खुंटीला, म्हशीला गाणी ऐकवायला. बाबा या रांगेत नाहीत. ते टेंपो चालवतात, फोन टेंपोच्या मालकानं दिलाय, त्यांचं सगळं परस्पर. बाकीच्यांचं मात्र असं, की वरचा हलला तर खालचे हलणार. मी नवा घेतला नाही तर अख्खं घर अडकलेलं. नाक्यावर पुढचा ट्रक गिअर टाकेना आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतायत, तसं.

हॉर्न वाजवणाऱ्यांत आई पहिली.

"येतोय म्हणं," एका सकाळी भाकरी थापता थापता ती बोलली.

"कोण येतोय?"

"फोन रं, तुझ्यावाला. पुढच्या आठवड्यात येतोय म्हणं. गटातल्या बाया बोलत व्हत्या."

मला पत्ताच नव्हता. तिकडे परदेशात कंपनीचे साहेब दारं लावून गुपित सांभाळत बसलेत, आणि इकडे आमच्या बचत गटात ते आधीच फुटलेलं.

"येऊ दे ना. मी कुठं घेतोय?"

"नाय घेत?" आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी फुगून परत बसली. "मग माझं काय?"

आईचं काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आई तांदळाच्या भाकऱ्या करते, ऑर्डरच्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं कर्जतच्या बाजूला फार्महाऊसवर येतात. पाण्यात डुंबतात, झाडाला मिठी मारून फोटो काढतात आणि मग त्यांना चुलीवरची भाकरी पाहिजे असते. तिकडची तीन-चार फार्महाऊस बघणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या फोन करून आईला सांगतात किती पाहिजेत, कुठं पाहिजेत, किती वाजता. आई थापते, मी गाडीवर टाकून पोचवतो. हा धंदा आईनं एकटीनं उभा केलाय. पहिल्यांदा कोणीतरी तिच्या नावानं घर विचारत आलं, बाबांच्या नाही, तेव्हा दोन दिवस ती वेगळीच चालत होती. मला त्या चालीची नक्कल येते, पण तिच्यासमोर करत नाही.

आता अडचण. आमचं घर कुंभिवलीच्या जवळ, हायवेला लागून. ट्रकचं काही नाही, त्याची सवय आहे, ट्रक गेले नाहीत तर झोप लागत नाही. पण घराला खेटून ग्रिलवाल्या काकांची पत्र्याची शेड आहे. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, जिने, सगळं तिथं कापतात. कटर लोखंडाला लागला की असा ओरडतो की म्हशीचं दूध आटेल. आणि आईला फोन येतो तो नेमका तेव्हाच.

त्यावर दोघांनी मिळून एक तोड काढलेली. फोन वाजला की आई परातीवर उलथणं बडवायची. ठण ठण ठण! तिकडून काका ओरडायचे, "कटर बंऽऽद!" मग आई नाकानं फोन उचलायची.

हो, नाकानं. हात पिठानं ओले, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, त्यात फोनवर दुधाची पिशवी धुऊन चढवलेली. मग ती वाकते आणि हिरव्या बटणावर नाक फिरवते. एकदा पाहुण्यांनी बघितलं तर त्यांना वाटलं, फोनच्या पाया पडते.

बरीच वर्षं हे छान चाललं. मग नेरळला कुठल्यातरी मोठ्या बिल्डिंगचं काम काकांना लागलं. सगळ्या खिडक्यांच्या ग्रिल. काका खूश, पण कटर आता दिवसभर. परात वाजली तर ते थांबायचे नाहीत, नुसता हात हलवायचे, म्हणजे "वहिनी, माफी असावी." मग आई फोन घेऊन मागं म्हशीकडं पळायची. तोवर तव्यावरची भाकरी काळी, आणि मॅडम तिकडे "हॅलो, हॅलो, ताई, काय कापताय?"

एकदा ऑर्डर मोठी होती आणि आईला निम्मीच ऐकू आली. निम्म्याच भाकऱ्या गेल्या. मॅडम गोड माणूस, चिडल्या नाहीत. पण "ताई, असं नाही जमणार हो" एवढं बोलल्या. आईला ते लागलं. तिच्या डोक्यात पक्कं बसलं, की दोष तिच्या फोनचा आहे, कारण तो आधी मी दोन वर्षं रगडलेला. माझा आत्ताचा फोन खाली उतरला की सगळं ठीक होणार. म्हणून ती कंपनीच्या साहेबांपेक्षा जास्त आतुरतेनं नव्या फोनची वाट बघत होती.

माझं सांगायचं तर मी कंपनीत डिस्पॅचला आहे, सोम ते शुक्र. शनिवारी हळदीला, वाढदिवसाला, पूजेला माइक धरतो. नकला करतो. माणसांच्या नकला काय, सगळेच करतात. माझा माल वेगळा. घाट चढणारी एसटी, रिव्हर्स येणारा ट्रक, शिट्टी अडकलेला कुकर, गळा बसलेला कोंबडा. आमच्या शाळेची तडा गेलेली घंटा काढली की सातवी-ब मधली सगळी मुलं, आता मिशा आलेली, आपोआप उभी राहतात. याचे व्हिडिओ टाकतो, लोक बघतात. त्यामुळे नवा फोन मला नको होता असं नाही. भरपूर पाहिजे होता. हळदीत एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात तो चकचकीत फोन, असं स्वतःला मी आरशात बघून पण झालेलं. आरशात फोनच्या जागी साबणाची डबी होती, पण अंदाज आला.

फोन जाहीर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्यांना पूर्ण कार्यक्रम करून दाखवला. कटर अजून सुरू झालेला नव्हता. उलथण्याचा फोन केला. साहेब स्टेजवर येतो तसा आलो, पांढरे बूट घातल्यासारखा, दोन्ही हात जोडून, हातात चिमणी धरलीय आणि ती उडून जाईल असं.

"मंडळी," मी बोललो, "मागच्या वर्षी आमी सांगितलं व्हतं की याच्यापेक्षा भारी फोन या जगात व्हनार नाय. मंडळी, आमी चुकलो!" टाळ्या पण मीच वाजवल्या. "ह्यो बगा. ह्याचे कोपरे आधी गोल व्हते. आमच्या हुशार पोरांनी तीन वर्षं घासून ते आणखीन गोल केले!"

आबा बाजेवर बसून चहा पीत होते. "मग आता तो घरंगळंल," ते बोलले.

"ह्यो कॅमेरा चंद्राचा फोटो काढतो!"

"चंद्राला काय करायचा फोटो? आधार कार्डाला?"

"आणि ह्यो फोन तुमच्या भोवतीचा गोंगाट गिळतो. तुमी बाजारात उभं ऱ्हा, लग्नात उभं ऱ्हा, पलीकडच्याला फक्त तुमचाच आवाज!"

"बरं, ते ऱ्हाऊ दे," आई बोलली. "तुझ्यावाला खाली कदी उतरनार ते सांग."

आबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं, की माझावाला उतरला तर आईचा पण उतरणार, आणि तो त्यांच्या अंगावर येणार. आबांचा फोन बटणांचा; आईचा मागचा त्यांनी परस्पर म्हशीच्या खुंटीला लावला आणि हा धरून ठेवला. कंबरेच्या करदोट्याला बांधलेला. त्याला बॅटरी आहे, म्हणजे उजेडाची, आणि त्याच्यावर ते जीव टाकतात.

"मला नगं हां," ते बोलले. "ह्यो पडला तर दगड फुटतो. तिच्यावाला मला दिला तर मी ह्या वयात नाकानं फोन उचलू?"

"आबा, तुमाला कुठं भाकऱ्या थापायच्यात? तुमी बोटानंच उचला की."

"बोटात तपकीर असती."

असा घराचा निकाल झाला. एक पाहिजे, एक नको, आणि एक काठावर. काठावरचा मी.

फोन दुकानात आला त्या आठवड्यात मी नुसता बघायला गेलो. नुसता बघायला म्हणजे कसं, ते सगळ्यांना माहीत आहे. दहिवलीच्या नाक्यावर माझ्या शाळेतल्या दोस्ताचं मोबाईलचं दुकान आहे. शाळेत एकाच बाकावर आम्ही. मी सरांचा आवाज काढायचो आणि मार तो खायचा, कारण त्याला हसू दाबता यायचं नाही. अजून येत नाही.

"ये, ये, सेलिब्रिटी," तो बोलला. "हात पुसून हात लाव हां. डेमो पीस हाय."

धरला. हलका होता. थंडगार, आत्ताच नदीतून काढलेल्या गोट्यासारखा. मनात बोललो, संपलं, गेलास तू.

"आवाज बघ ह्याचा," दोस्त बोलला. बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते, एक रिक्षा सुरू व्हायला नकार देत होती, वरचा पंखा कुरकुरत होता. "बोल कायतरी."

"नमस्कार मंडळी, मी आपल्या सेवेत हजर हाय," मी बोललो. त्यानं लावून दाखवलं. काय सांगू! घुंगरू नाही, रिक्षा नाही, पंखा नाही. नुसता मी. इतका स्वच्छ की मला माझीच ओळख पटेना. रेडिओवर बातम्या वाचतोय असं वाटत होतं.

"भारी ना?"

"एक नंबर! थांब, आता माझा खरा माल घेतो."

दुकानात दोन-चार गिऱ्हाईकं होती, ती पण जवळ सरकली. मी पूर्ण कार्यक्रम केला. एसटी घाटात नेली, मधे गिअर अडकवला. ट्रक रिव्हर्स घेतला. कुकरची शिट्टी. कोंबडा. शेवटी ग्रिलवाल्या काकांचा कटर, माझा हुकमी एक्का. दात घट्ट दाबून, घशातून खर्र काढायचा आणि लोखंड सुटताना शेवटी टिंग्. एका काकूंनी कानात बोटं घातली. मी वाकून बोललो, "धन्यवाद मंडळी." टाळ्या पडल्या. रसवंतीवाला पण येऊन बघून गेला.

"लाव," मी बोललो.

दोस्तानं लावलं. फोन गप्प.

"सुरू नाय झालं का?"

"सुरू हाय रं. बघ, सेकंद पळतायत."

सेकंद पळत होते. एसटी नाही. ट्रक नाही. कुकर नाही, कोंबडा नाही. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे, श्रद्धांजलीला उभे राहतात तसे. आणि मग एकदम, लख्ख, स्पष्ट आवाजात, "धन्यवाद मंडळी."

दोस्त काउंटरच्या खाली गेला. हसता हसता खाली बसला तो वर येईना. "अरे, फोनला... फोनला तू माणूसच वाटला नाय रं! तुझी अख्खी कला कचऱ्यात काढली त्यानं!"

काकू बोलल्या, "अहो, पण शेवटचं छान आलं."

दोस्तानं डोळे पुसले. माणूस धंद्याला पक्का, लगेच सावरला. "टेन्शन नको घेऊ. सेटिंगमधून बंद होतं. बंद केलं की तुझा कोंबडा परत जिता."

बंद केलं. परत काढला. आला कोंबडा, आला कटर, सगळं आलं. बरोबर घुंगरू पण आले आणि ती रिक्षा पण. म्हणजे माझ्या हातातल्या जुन्या फोनमध्ये येतं तेच आलं. मी दोन्ही फोन बाजूबाजूला धरून ऐकले. आता ज्याचं एवढं कौतुक, ते घरी नेल्या नेल्या मी पहिलं बंद करणार. चंद्राचा फोटो काढायचा राहिला, तर आमच्याकडे चंद्र असतो तेव्हा मी हळदीत असतो.

"विचार करून सांगतो," मी बोललो.

"कर, कर. कोंबड्याला पण विचार."

पळसदरीच्या रस्त्यानं घरी येताना थोडा उदास होतो. फोनकडून अपमान झाला तर तो कोणाला सांगणार? गाडीवर एकटाच एसटीचा आवाज काढत आलो, कोणीतरी ऐकावं म्हणून. एका बैलानं ऐकलं. रस्ता सोडला.

दारात गाडी लावली तेव्हा परात वाजत होती. ठण ठण ठण. शेडमधून काका हात हलवत होते, माफी असावी, आणि कटर तसाच लोखंडात घुसलेला. आई पिठाच्या हातांनी, दुधाच्या पिशवीतला फोन दोन मनगटांत धरून मागच्या दारानं म्हशीकडं पळाली. मी चुलीकडं धावलो आणि भाकरी उलटली. उशीर झालेला.

आई परत आली. पिढ्यावर बसली. थापायला घेतलं नाही.

"मॅडम?" मी विचारलं.

"हां."

"काय बोलल्या?"

"दहिवलीच्या गटानं इचारलंय म्हणं भाकऱ्यांचं. त्यांचा फोन नीट लागतो." तिनं बोटांतलं पीठ सोडवलं. "मॅडम बोलल्या, मला वाईट वाटतं ताई, पन एका ऑर्डरीला मी किती फोन करू? ह्या शुक्रवारी एकदा बघते बोलल्या. नीट झालं तर ठीक, नाय तर मग..."

तिनं काळी भाकरी उचलून म्हशीच्या टोपलीत टाकली.

"तुझा फोन कधी उतरतोय रं?" तिनं विचारलं. पण या वेळी हॉर्नसारखं नाही. हळू.

मी माझा फोन काढला. "आत्ताच बघू. ह्याच्यावरून बोल, कटर चालू असताना. मी आबांना लावतो."

आबा शेतात होते, बांधावर. लावला. आई माझ्या फोनमध्ये घसा ताणून बोलली, "आबा, ऐकाय येतंय का? आज भाजीला काय करू?" इकडे कटर खर्रर्र. मी फोन कानाला लावला आणि विचारलं, "आबा, काय ऐकलंत?"

"ग्रिलवाला बोलला," आबा बोलले. "लय बोलला. तुझी आय नाय बोलली."

आईचा चेहरा बघितला आणि त्याच वेळी माझ्या कानात दुकानातली ती शांतता परत वाजली. सेकंद पळतायत आणि आवाज नाही. एसटी नाही, कुकर नाही. आणि कटर नाही! मी काढलेला कटर. आणि मी काढतो तो कटर खुद्द काकांना पण खऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. एकदा त्यांच्या शेडमागं उभं राहून काढला होता, तर ते "कोण रं मशिनीला हात लावतंय?" म्हणून धावत आले होते. माझा कटर गेला, तर काकांचा पण जाणार.

मी तसाच उठलो.

"कुठं चाललास? जेव की."

"येतो."

दोस्त दुकान आवरत होता. मला बघून हसायला लागला. "काय बोलला कोंबडा?"

"दे. पॅक कर."

"ऐकलं म्हंजे माझं! थांब, सेटिंग बंद करून देतो, नाय तर पहिल्याच हळदीत—"

"हात लावू नको त्या सेटिंगला. आईसाठी हाय."

तो थांबला. "आईसाठी? आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय? माझा चालू हाय की."

दोस्तानं खोक्यावर हात ठेवला आणि ते उघडून स्क्रीनवर काच बसवली. काचेचे पैसे त्यानं घेतले नाहीत, आणि कव्हर असं शोधून दिलं की ओल्या हातातून सटकणार नाही.

घरी आल्यावर वेगळीच लढाई. आई खोक्याला हात लावेना.

"नवा तू घे रं. मला तुझा दे."

"माझ्यावर कटर येतो गं. तूच ऐकलंस ना?"

"लोकं काय बोलतील? आयच्या हातात नवा नि पोराच्या हातात जुना. पोराला कामावरनं काढला बोलतील."

"बोलू दे. मी कामावरनं काढलेल्याची नक्कल करतो, बघ." मी खांदे पाडून घरभर फिरलो. तिला हसू आलं, पण हात लावलाच नाही.

आबा मधे पडले. कधी नाही ते त्यांनी नव्या गोष्टीची बाजू घेतली. "घे गं तू. नवाच घे. पोरगा मनापासनं देतोय." आणि मग, अंदाज घेत, "तुझा जुना ऱ्हाऊ दे कपाटात. मला काय त्याची घाई नाय."

करदोट्यावरच्या फोनवरून त्यांनी एकदा हात फिरवला. जीव भांड्यात पडलेला माणूस मी अगदी जवळून बघितला.

शेवटी आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि फोन उचलला. सुरू केला. इकडून तिकडून बोट फिरवून बघितलं. कपाळावर आठी.

"काय झालं?"

"ह्यात कायच नाय रं."

"नवा हाय गं."

"ते हाय. पन रिकामा वाटतोय." आतापर्यंत तिच्याकडे आलेल्या प्रत्येक फोनमध्ये आधीचा मी असायचो. माझे फोटो, माझ्या मित्रांची खोटी नावं, कोपऱ्याला माझ्या हातून पडल्याची खूण. आणि सकाळी तिला उठवायला माझाच कोंबडा वाजायचा, मी शाळेत असताना भरलेला, आवाज फुटत होता तेव्हाचा. तो कोंबडा मधेच चिरकतो. "तेवढा कोंबडा घाल ह्यात," ती बोलली, "मग मी घेते."

घातला. नव्या फोननं तो काही न बोलता ठेवून घेतला. मी काढलेला कोंबडा या फोनमध्ये आत गेला तो असा, मागच्या दारानं.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. कंपनीत सांगितलं, पोट बिघडलंय. दुपारी नेरळच्या ग्रिलचा शेवटचा माल जायचा होता, त्यामुळे कटर असा सुटलेला, की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं. आई थापत होती. फोन ओट्यावर, नव्या कव्हरात, वर दुधाची पिशवी. पिशवीवर मात्र तिनं माझं काही ऐकलं नव्हतं.

वाजला.

आईचा हात सवयीनं उलथण्याकडं गेला. मी परात उचलून मागं घेतली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग वाकली आणि नाकानं उचलला, स्पीकरवर. नव्याचा स्पीकर असा खणखणीत, की कान जवळ नेला तर कटरमधूनही शब्द कळत होता.

"हॅलो, ताई?"

"बोला मॅडम," आई बोलली. ओरडून नाही. शेजारी बसलेल्याशी बोलते तशी.

पलीकडे गप्प. आई गप्प, मी गप्प. गप्प नव्हता तो फक्त कटर.

"ताई, तुम्ही घरी नाही का?"

"घरीच हाय की. का वं?"

"एवढं शांत कसं काय? मला वाटलं, गावाला गेलात."

आईनं तोंडावर पिठाचा हात ठेवला. खांदे हलायला लागले. "आज जरा शांत हाय, मॅडम," ती बोलली, आणि तिच्या मागं भिंतीपलीकडं लोखंडाचा जीव जात होता.

मॅडम सांगायला लागल्या. सकाळी किती, संध्याकाळी किती, कुठल्या बंगल्यावर. आई एकेक परत म्हणून घेत होती, बरोबर, सावकाश. तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली. मी ती उलटली. आणि मग मला राहवेना. माझी खोड मला पण माहीत आहे. मी आईच्या जवळ सरकलो आणि हळूच ट्रक रिव्हर्स घेतला. मॅडम बोलतच राहिल्या. मी घाटात एसटी चढवली. मॅडम बोलतच. मग कोंबडा सोडला, पूर्ण गळ्यानं.

"गप रं मेल्या!" आई करवादली.

"मला म्हणालात, ताई?"

"अगं बाई! नाय नाय मॅडम, तुमाला नाय! माझ्या लेकाला!"

"पण तो तर काहीच बोलला नाही..."

"तेच की," आई बोलली. "लय गुणाचा हाय."

मॅडम हसल्या. पुढच्या शनिवारचं पण आत्ताच सांगून ठेवते, बोलल्या. आईनं फोन ठेवला. म्हणजे नाकानं बंद केला. नाकाला पीठ लागलेलं. ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली, आणि मी बघितली ती चाल. तीच. जुनी.

थोड्या वेळानं कटर थांबला आणि काका दारात. गॉगल कपाळावर, भुवयांवर लोखंडाचा चुरा, तोंड उतरलेलं.

"वहिनी, रागावलाय का?"

"मी? कशाला?"

"आज शुक्रवार. मॅडमचा फोन असतोय. मी कान देऊन व्हतो, आज परात वाजली की काय पन होवो, थांबायचं. पोरांना पन सांगितलेलं. परातच नाय वाजली. म्हटलं, वहिनींनी आपलं नाव टाकलं."

आईनं त्यांना फोन दाखवला. मी समजावून सांगितलं. काका ऐकत होते. समजल्यावर त्यांना बरं वाटायला पाहिजे होतं, पण तसं दिसलं नाही.

"म्हंजे माझा कटर पलीकडं जातच नाय?"

"जरा पन नाय, काका."

"एवढा मोठा आवाज? इटलीची मशिन हाय ती!"

"काका, माझा पन जात नाय. एसटी नाय, कोंबडा नाय. आपन दोघं एकाच रांगेत."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले आणि पायरीवर बसले. मी पण बसलो. आईनं आतून दोन ताटल्यांत गरम भाकरी आणि सुकटीची चटणी आणून दिली, आणि परत थापायला गेली, कारण आता खूप थापायचं होतं. हायवेवरून ट्रक जात होते. आबा गोठ्यात भर दुपारी त्यांची बॅटरी लावून बघत होते, चालते का. माझा जुना फोन खिशात होता, कोपरा फुटलेला, आणि खरं सांगू, मला तो त्या वेळी पुरेसा होता. सगळे आवाज ऐकणारा तोच एक उरला होता.

काकांनी चटणीचा शेवटचा घास घेतला, बोटं चाटली. "काढ रं," ते बोलले. "माझा कटर काढ. बगू, अजून येतो का."

मी दात घट्ट दाबले. घशातून खर्र उचलला, लोखंडात घातला, जोर दिला, आणि शेवटी टिंग् करून सोडला.

आतून लगेच परात वाजली, फोन न वाजताच. ठण ठण ठण!

आणि काका, तोंडात भाकरी, हातात ताटली, पायरीवर बसल्या बसल्या ओरडले, "कटर बंऽऽद!"